पुण्यात फाईन डायनिंगचा तुमचा अविस्मरणीय अनुभव कोणता? एखादं रेस्टॉरंट खास कशामुळे ठरतं?

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला बायकोला न्यायचंय, खर्चाची काळजी नाही, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. माझा अनुभव मात्र एकटीच्या जेवणाचा आहे. तरी लिहिते, कारण रेस्टॉरंटची खरी परीक्षा एकट्या माणसाच्या टेबलावर होते हे माझं ठाम मत आहे, आणि आमच्या वन्संना ते मला आजवर पटवता आलेलं नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला एकदा कुणाच्या पानात काय संपलंय हे न बघता शांतपणे जेवायचं होतं. ह्यांना तसलं परदेशी जेवण आवडत नाही. म्हणाले, तू जाऊन ये.

पहिल्यांदा गेले ते ठिकाण महागडं होतं. फोनवर "एक" म्हटल्यावर "ओन्ली वन, मॅडम?" असं दोनदा विचारलं. गेले तर अर्धा हॉल रिकामा, आणि मला टेबल दिलं स्वयंपाकघराच्या दारापाशी. समोरच्या खुर्चीपुढचे काटे-चमचे आणि ग्लास माझ्यादेखत खणखणत उचलून नेले. सूप अर्धं असतानाच पुढची प्लेट आली आणि पाऊण तासात बिल. जेवण चांगलं होतं हो! पण रिक्षात बसल्यावर मला रडू आलं.

दोन महिन्यांनी हट्टानं कोरेगाव पार्कातल्या एका ठिकाणी गेले. तिथला कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा मुख्य वेटर, आता तिथे नाही, म्हणून नाव लिहीत नाही. समोरच्या खुर्चीपुढचं कव्हर, म्हणजे काटे-चमचे आणि ग्लास, मी पोचायच्या आधीच काढलेलं होतं. टेबल कोपऱ्यातलं, भिंतीला पाठ टेकेल आणि सगळा हॉल दिसेल असं. मी मशरूम रिसोटो, म्हणजे इटालियन पद्धतीचा सरसरीत भात, मागितला. तो म्हणाला, "वीस मिनिटं लागतील, तुमच्यापुरता वेगळा टाकावा लागेल. चालेल ना?" बऱ्याच ठिकाणी हा भात आधीच अर्धवट शिजवून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुरा करतात. मधल्या वेळासाठी मी एक स्टार्टर सांगितला, तर म्हणाला, "अर्धीच प्लेट आणतो, नाहीतर रिसोटो जाणार नाही." बिलातही अर्धेच पैसे लावले.

तो रिसोटो मला आजही आठवतो. आपल्याकडे भातात कणी राहिली की सासू नाक मुरडते. यात दाण्याच्या पोटात किंचित कणी हवीच, पण भोवतीचा रस सायीसारखा. ताटली कलती केली की भात संथ सरकला पाहिजे, गोळा होऊन बसता कामा नये. ताटली गार असेल तर तो लगेच आळतो. माझी ताटली गरम होती. एका बाईच्या एका ताटलीसाठी कुणीतरी वीस मिनिटं शेगडीपाशी उभं राहून थोडा थोडा स्टॉक, म्हणजे भाज्या उकळून काढलेलं पाणी, घालत होतं, आणि ताटली गरम करायलाही विसरलं नव्हतं.

एकटा माणूस बोलत नाही, म्हणून भराभर जेवतो. दोन पदार्थांमधलं अंतर त्याच्यासाठी कमी हवं, पण उठवायची घाई नको. हे ज्या कॅप्टनला कळतं त्याला सगळं कळतं.

रेस्टॉरंटना तारे देणारी मिशेलिन ही फ्रेंच गाईड आहे, तिच्या ताऱ्यांचं फार कौतुक चालतं. त्यांचे निकष पाच: जिन्नस, कौशल्य, चवींचा मेळ, शेफची स्वतःची छाप आणि सातत्य. वाढण्याची पद्धत त्यात धरतच नाहीत. मला हे साफ चुकीचं वाटतं. आणि भारताची मिशेलिन गाईड निघत नाही, त्यामुळे पुण्यात कुणी 'मिशेलिन दर्जा' म्हटलं तर तो शब्द सोडून द्या.

वन्सं म्हणाल्या, "एकटीच जाऊन जेवलीस? लोकांना वाटेल घरी भांडण झालंय. तेवढ्यात घरी दहा पानं उठली असती." वन्सं, हे पुणं आहे. इथे पेठांतल्या खानावळींत पिढ्यान्‌पिढ्या मुलं एकेकटी जेवली. टिळक रोडच्या बादशाहीत किंवा गर्दीच्या वेळी वैशालीत एकट्या माणसाकडे कुणी वळूनही बघत नाही. अनोळखी माणूस समोर बसून डोसा खातो आणि निघून जातो. तिथे चालतं, मग पांढऱ्या टेबलक्लॉथवरच बाई एकटी का खुपते? आणि ती दहा पानं वाढली कुणी असती? मीच.

तर तुमच्यासाठी: दोन-तीन ठिकाणं मनात धरा आणि बायकोला न्यायच्या आधी मंगळवार-बुधवारी एकटे जाऊन या. फोनवर "एक" म्हणा आणि पलीकडचा आवाज ऐका. शनिवारी जाऊन काही कळणार नाही, त्या दिवशी सगळ्यांचीच धांदल असते. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी बहुधा 18 टक्के लागतो, बाहेर 5. सर्व्हिस चार्ज न विचारता लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही. मी त्या कॅप्टनच्या हातात वेगळे पैसे ठेवले होते.

एक सांगायचं राहिलं. मी शाकाहारी आहे, त्यामुळे मासे-मटणाबद्दल माझ्या मतावर जाऊ नका. आणि दहाव्या वाढदिवसाला बायकोला काय आवडतं हे तिलाच विचारा. तिला रिसोटोपेक्षा श्रेयसची थाळी हवी असेल तर तिथेच न्या.