लेकीचं दुखणं खासदारांना सांगायला जाऊ का?

ताई, आम्ही जॉर्जियात, अटलांटाजवळ राहतो. आमची मुलगी सव्विसाव्या आठवड्यात जन्मली, आता सात वर्षांची आहे. गळ्यात ट्रेक, म्हणजे श्वासासाठी नळी आहे, रात्री व्हेंटिलेटर लागतो, जेवण जी-ट्यूबमधून, म्हणजे थेट पोटात बसवलेल्या नळीतून. नोकरीचा विमा आहे, पण घरी येणाऱ्या नर्सचे तास केटी बेकेट मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्यामुळे मिळतात. तीन महिन्यांपूर्वी रात्रीची नर्स सोडून गेली, दुसरी मिळत नाही. तेव्हापासून मी आणि नवरा आळीपाळीने जागतो. परवा हॉस्पिटलच्या सोशल वर्करने विचारलं, जूनमध्ये काही कुटुंबं वॉशिंग्टनला खासदारांना भेटायला जाणार आहेत, मुलांच्या उपचारांच्या निधीबद्दल बोलायला, तुम्ही याल का? मला जावंसं वाटतं. नवरा म्हणतो, आपण एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत, कशाला सरकारच्या डोळ्यावर यायचं? सासूबाई फोनवर म्हणाल्या, घरातलं दुखणं चव्हाट्यावर मांडू नये. आणि खरं सांगायचं तर माझं मलाच वाटतं, आम्हाला चांगला पगार आहे. खऱ्या गरजू आईबापांच्या रांगेत मी काय म्हणून उभी राहू?

— एक आई, जॉर्जिया

जा. आधी हे सांगते, बाकीचं नंतर.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच तुला आतून खातोय. ज्या केटी बेकेटच्या नावाने तुझ्या लेकीला नर्स मिळते, ती आयोवातल्या सीडर रॅपिड्सची मुलगी. जन्म 1978 चा. पाच महिन्यांचीही नव्हती तेव्हा मेंदूला संसर्ग झाला आणि व्हेंटिलेटर लागला. विम्याची मर्यादा संपली, मेडिकेड सुरू झालं. पुढे ती घरी जाण्याइतकी बरी झाली, तर नियम आडवा आला. हॉस्पिटलमध्ये असेपर्यंत मेडिकेड पैसे देणार, घरी नेलं की आईवडिलांचा पगार मोजणार आणि मेडिकेड बंद. घरी ठेवणं कितीतरी स्वस्त असूनही पोर हॉस्पिटलमध्येच. तिची आई शाळेत शिकवायची. तिने त्यांच्या भागाचे खासदार टॉम टॉकी यांना गाठलं. प्रकरण वर वर जात थेट राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यापर्यंत पोचलं. नोव्हेंबर 1981 मध्ये त्यांनी पत्रकार परिषदेत या मुलीचं उदाहरण दिलं, आणि त्या नाताळाला केटी घरी होती. 1982 मध्ये कायदाच बदलला आणि आईवडिलांचा पगार न मोजता अशा मुलांना घरी मेडिकेड देण्याची मुभा राज्यांना मिळाली. केटी 34 वर्षं जगली.

म्हणजे बघ, पगारदार घरातल्या मुलासाठीच हा रस्ता काढलेला आहे. तू कुणाच्या ताटातलं घेत नाहीस. महिन्याला हजारो डॉलरची नर्स, कफ ओढायच्या सक्शनचे कॅथेटर, फीडच्या पिशव्या हे कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याच्या पगारात बसत नाही. आपल्या लोकांत मेडिकेड म्हटलं की आवाज खाली येतो. मंडळाच्या गणपतीत कितीतरी आया माझ्या कानाशी येऊन हळूच विचारतात, की तुमच्याकडे ते आहे का हो? त्यांच्यातल्या दोघींना तर आपल्या राज्यात असा अर्ज करता येतो हेच ठाऊक नव्हतं. टेनेसीत 2019 पर्यंत हा मार्गच नव्हता. तिथल्या आईबापांनी राजधानी नॅशव्हिलला चकरा मारल्या, विधिमंडळाने कायदा केला आणि 2020 च्या नोव्हेंबरात योजना सुरू झाली. मिनेसोटात या मेडिकेडसाठी पालकांकडून पगाराच्या प्रमाणात फी घेत, ती 2023 मध्ये रद्द झाली. यातलं काहीही कुणी आपण होऊन दिलेलं नाही.

आणखी एक. समजा तुला मेडिकेडचा एक पैसाही नको, तरी तुझ्या लेकीचे डॉक्टर कुठून येतात? अमेरिकेत साधारण हॉस्पिटलांतल्या रेसिडेंट डॉक्टरांच्या शिक्षणाचा पैसा मुख्यतः मेडिकेअरमधून येतो. मेडिकेअर म्हाताऱ्या माणसांचं. मुलांच्या हॉस्पिटलात मेडिकेअरचे पेशंट जवळपास नसतातच, मग पैसा कुठला? म्हणून 1999 मध्ये काँग्रेसने मुलांच्या हॉस्पिटलांसाठी वेगळा निधी काढला. त्याला सीएचजीएमई म्हणतात, वॉशिंग्टनमध्ये हे नाव तुझ्या कानावर सारखं पडेल. देशातले निम्म्याच्या आसपास बालरोगतज्ज्ञ या पैशावर शिकतात. 2024 मध्ये तो सुमारे 39 कोटी डॉलर होता. पण मेडिकेअरचा पैसा आपोआप येतो, हा दरवर्षी नव्याने मागावा लागतो. 2011 मध्ये ओबामांच्या अंदाजपत्रकात तो बंद करायचं घाटत होतं. काँग्रेसने तो टिकवला. तुमचे हॉस्पिटलवाले जूनमध्ये तुम्हाला घेऊन जातात ते बहुतेक यासाठी आणि मेडिकेडसाठी. त्यांना त्यांचं हॉस्पिटल चालवायचं आहे, त्यात गैर काही नाही. पण तुला तुझी रात्रीची नर्स हवी आहे, आणि या दोन गोष्टी एकच नव्हेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

आता नवऱ्याची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्या डोक्यावर व्हिसाची तलवार आहे, त्यालाच ती कळते. पण सरकारकडे गाऱ्हाणं मांडायचा हक्क इथल्या घटनेत माणसांना दिला आहे, फक्त नागरिकांना नाही. मतदारसंघांच्या जागा वाटतात तेव्हाही डोकी मोजतात, पासपोर्ट नाही. तुमच्या भागाचा खासदार तुमच्या डोक्यांच्या हिशेबावरही तिथे बसलेला आहे. आणि तुमची लेक तर इथेच जन्मलेली, इथली नागरिक. तिच्यासाठी तुम्ही बोलताय. एकच गोष्ट कटाक्षाने पाळा. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत कुठल्याही उमेदवाराला किंवा पक्षाला एक डॉलरही देणगी द्यायची नाही, ते कायद्याने बंद आहे. भेटीनंतर देणगीच्या ईमेल येऊ लागतात, त्यावर चुकून बोट पडू देऊ नका. मेडिकेड घेतल्याचा ग्रीन कार्डच्या अर्जावर काय परिणाम होतो, हा प्रश्न वेगळा. ते नियम सरकार बदललं की बदलतात, म्हणून तो जाण्याआधी तुमच्या वकिलाला विचारा, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नको. नवऱ्याला त्या फोनवर बरोबर बसव. वकिलाच्या तोंडून ऐकलं की त्याचं मन थोडं थाऱ्यावर येईल. प्रवासात पासपोर्ट आणि आय-94 ची, म्हणजे देशात प्रवेशाच्या नोंदीची, प्रत जवळ ठेवा.

सासूबाईंवर रागावू नकोस. त्यांच्या पिढीत आजारी पोराबद्दल लोक काय काय बोलत ते त्यांनी ऐकलेलं आहे, आणि ते आपल्या नातीच्या वाट्याला येऊ नये एवढंच त्यांना वाटतंय. त्यांच्या बोलण्यातला एक भाग तर मला पूर्ण पटतो. दुखणं लेकीचं आहे, तुझं नाही. सात वर्षांच्या मुलीला कळतं. तिच्याजवळ बसून विचार की आपण मोठ्या लोकांना सांगायला जाणार आहोत, तुझ्याबद्दल काय सांगितलेलं चालेल? माझ्या मुलाने सहाव्या वर्षी मला सांगितलं होतं, माझी छातीवरची खूण दाखवायची नाही, पण मी जिना न थांबता चढतो ते सांग. तेच सांगितलं. फोटो द्यायचा तर तिला आवडणारा दे, मनगटावर हॉस्पिटलची पट्टी असलेला नको. फक्त पहिलं नाव पुरे. आणि हॉस्पिटल जो छायाचित्रांच्या परवानगीचा कागद पुढे करेल, तो वाचल्याशिवाय सही करू नकोस. भेटीपुरती परवानगी देता येते, जाहिरातीसाठी नाही असं त्यावर लिहिता येतं.

आता प्रत्यक्ष भेटीबद्दल. इथे मी चुकले होते, म्हणून सविस्तर सांगते.

माझ्या मुलाला जन्मतः हृदयाची डावी बाजू जवळजवळ नव्हतीच. तीन ऑपरेशनं झाली. आम्ही वॉशिंग्टनला गेलो तेव्हा पहिल्याच ऑफिसात मी सोनोग्राफीपासून सुरुवात केली. पहिलं ऑपरेशन, आयसीयूतले दिवस, इन्फेक्शन, सगळं. समोर बसलेली खासदारांची सहायक मान हलवत ऐकत होती, तिच्या डोळ्यात पाणीही आलं. मग कुणीतरी दार वाजवलं, पुढची भेट होती. बाहेर आल्यावर लक्षात आलं, मी काही मागितलंच नाही! पंधरा मिनिटं संपली आणि तिच्या वहीत माझ्या मुलाचं नाव सोडून काही नव्हतं.

पुढच्या ऑफिसात आम्हाला खोलीही मिळाली नाही. खासदारांची ऑफिसं असलेल्या लाँगवर्थ बिल्डिंगच्या कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या बोलायचं होतं. मी पर्समधून झिपची पिशवी काढली. एका आठवड्यात मुलाला औषधं द्यायला वापरलेल्या सिरिंजा, धुऊन वाळवलेल्या. चौऱ्याण्णव. मी म्हटलं, हा एक आठवडा आहे. समोरच्या तरुण सहायकाने पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, यांचे पैसे कोण देतं? बस्स, तिथून आमचं बोलणं सुरू झालं, कारण त्याला जे विचारायला हवं होतं तेच त्याने विचारलं.

म्हणून तू दोन मिनिटांचं बोलणं तयार कर, त्याहून जास्त नाही. पहिल्या वाक्यात गावाचं नाव आणि झिप कोड, कारण तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात हे कळेपर्यंत पुढचं नीट ऐकलं जात नाही. मग लेकीची एक रात्र. सगळं आयुष्य नको, एकच रात्र. किती वाजता अलार्म वाजतो, सक्शन किती वेळा करावं लागतं, सकाळी सहाला कोण कामावर जातं. आणि मग एकच मागणी, शक्य तर आकड्यासकट. मागून झालं की गप्प बस. ती शांतता भरून काढायची आपल्याला सवय असते, पण त्यांना उत्तर देऊ दे. इंग्रजी उच्चारांची काळजी अजिबात करू नकोस. लेकीबद्दल तू सात वर्षं डॉक्टरांशी त्याच भाषेत भांडली आहेस.

खासदार स्वतः भेटतीलच असं नाही. बहुतेक वेळा आरोग्याचं काम बघणारा पंचविशीतला सहायक भेटतो. हिरमुसू नकोस. फाइल तोच तयार करतो, आणि मतदानाच्या आदल्या दिवशी खासदार त्यालाच विचारतात. त्याचं कार्ड घे, आठवड्याच्या आत आभाराची ईमेल पाठव, त्यात मागणी पुन्हा एका ओळीत. ऑगस्टमध्ये खासदार आपापल्या भागात येतात, तेव्हा घरी यायचं आमंत्रण दे. व्हेंटिलेटर चालू असलेली खोली एकदा पाहिली की कागद लागत नाही. दोन्ही पक्षांच्या ऑफिसांत सारखंच बोल. आपलं मत काय हे कुणी विचारलं तर लेकीकडे बोट दाखव.

काही बदलतं का, असं तुला रात्री तीन वाजता वाटेल. 2017 च्या 30 सप्टेंबरला मुलांच्या विम्याच्या चिप योजनेची मुदत संपली. सुमारे 90 लाख मुलं त्यावर होती. 114 दिवस देशभरातले आईबाप फोन करत होते, राज्यं पालकांना विमा बंद होत असल्याची पत्रं पाठवायच्या तयारीत होती. 22 जानेवारी 2018 ला सहा वर्षांची मुदत मिळाली आणि फेब्रुवारीत ती दहा वर्षांची झाली. फोन करणाऱ्यांत आमच्या गल्लीतल्या दोन मराठी आया होत्या, आणि दोघींच्या मुलांना चिपची गरजही नव्हती.

आता तुझ्या नर्सकडे येते. हॉस्पिटलच्या कागदावर हे बहुधा नसेल. तुझ्या लेकीला नर्सचे तास जॉर्जियाच्या गॅप योजनेतून, म्हणजे मेडिकेडच्याच मुलांसाठीच्या घरच्या नर्सिंग योजनेतून मिळतात. त्याचा मोठा वाटा वॉशिंग्टन देतं, पण नर्सिंग एजन्सीला तासाला किती द्यायचे हे राज्य ठरवतं. तो दर हॉस्पिटलच्या पगारापेक्षा कमी पडला की नर्स हॉस्पिटलमध्ये जाते, आणि मंजूर झालेले तास कागदावरच राहतात. म्हणून तुझी खरी लढाई तुझ्या घरापासून तासाभरावर आहे, अटलांटाच्या सोनेरी घुमटाखाली, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात. तिथलं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं आणि कामकाजाचे जेमतेम 40 दिवस चालतं. तुझा एक आमदार आणि एक स्टेट सिनेटर. हे लोक बाकी वर्षभर आपापला धंदा-नोकरी करतात, किराणा दुकानात भेटतात, फोन स्वतः उचलतात. आत्तापासून एक वही कर. मंजूर तास किती, प्रत्यक्षात नर्स आली किती तास, न आलेल्या रात्री कुठल्या. तीन महिन्यांची अशी वही घेऊन नोव्हेंबरातच त्यांच्याकडे जा, अधिवेशन सुरू झाल्यावर त्यांना श्वास घ्यायलाही वेळ नसतो. जूनची वॉशिंग्टनवारी ही या जाण्याची तालीम समज.

लेकीला बरोबर न्यायचं की नाही, हे तिच्या पल्मोनॉलॉजिस्टला विचार. न्यायचंच ठरलं तर विमानकंपनीला व्हेंटिलेटर आणि ऑक्सिजनबद्दल आधी कळवावं लागतं, आयत्या वेळी चालत नाही. नाही न्यायचं ठरलं तर घरी नवरा आणि अजून एक ट्रेक सांभाळू शकणारं माणूस हवं, नाहीतर तुझं अर्धं लक्ष फोनवर राहील. कॅपिटलच्या इमारतींत शिरताना सामान तपासतात आणि सक्शन मशीन, फीडचा पंप पाहून थांबवतात. डॉक्टरांचं पत्र वरच्याच कप्प्यात ठेव आणि अर्धा तास आधी पोच. हाउसच्या ऑफिसांपासून सिनेटच्या ऑफिसांपर्यंत बरंच चालावं लागतं, जूनमध्ये तिथे आपल्या मे महिन्यासारखं उकडतं. पायात सपाट, वापरलेले बूट घाल. आणि सक्शन मशीनची दुसरी बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून ठेव.