वीज वाहून नेणारं प्लास्टिक ठाण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये बनवता येईल का? (बीएस्सी प्रोजेक्टसाठी)

येईल, पण लॅबमध्येच. घरच्या ओट्यावर अजिबात नको. त्यासाठी लागणारं अ‍ॅनिलिन हे द्रव रसायन विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.

पॉलिअ‍ॅसिटिलीन या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या नादाला लागू नका. १९७७ मध्ये आयोडीनचं डोपिंग करून (म्हणजे त्यात थोडं आयोडीन मिसळून) त्याची वाहकता प्रचंड वाढवली गेली आणि त्या कामाला २००० सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, हे खरं. पण ते हवेत टिकत नाही. त्याऐवजी अ‍ॅनिलिनपासून बनणारं पॉलिअ‍ॅनिलिन घ्या.

एक मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात अ‍ॅनिलिन विरघळवा आणि अमोनियम परसल्फेटचं द्रावण थेंबथेंब सोडा. प्रमाण मोलमध्ये साधारण एकास सव्वा: अ‍ॅनिलिन एक, परसल्फेट सव्वा. जुनं अ‍ॅनिलिन तपकिरी झालेलं असतं, ते आधी ऊर्ध्वपातित करून घ्या. तापमान शून्य ते पाच अंश ठेवा. ठाण्याच्या मे महिन्यात बर्फ बघता बघता वितळतो, तेव्हा मीठ घालून भरपूर बर्फ हाताशी असू द्या. घाईने ओतलंत तर मिश्रण तापतं आणि माल बिघडतो. आधी निळी झाक येते, मग गडद हिरवा गाळ बसतो. तो गाळून आम्लाने धुवा, वाळवा, दाबून गोळी करा.

गंमत पुढे आहे. थोडी हिरवी भुकटी अमोनियाच्या पाण्यात टाका: ती निळी पडते आणि वीज वाहणं जवळजवळ थांबतं. आम्लात घातली की परत हिरवी, परत वाहक! साखळीतले एकाआड एक दुहेरी बंध इलेक्ट्रॉनना वाट देतात, पण आम्लाचा प्रोटॉन चिकटल्याशिवाय विद्युतभार मोकळेपणी फिरत नाहीत. परीक्षकांना हेच दाखवा.

साधा मल्टिमीटर फक्त फरक दाखवेल. नेमका आकडा हवा तर फोर-प्रोब, म्हणजे चार टोकं टेकवून वाहकता मोजणारं उपकरण, लागेल.