व्हायरल लोड शून्यावर, मग हार्टची गोळी कशाला?

प्रश्न: वय ४८. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू होऊन १४ वर्षं झाली, डोस चुकवत नाही. व्हायरल लोड अनडिटेक्टेबल, कोलेस्टेरॉल पण नॉर्मल. तरी डॉक्टर म्हणतात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी हार्टची गोळी, सुरू करा. आधीच गोळ्यांचा कंटाळा आलाय, खरंच गरज आहे का?

उत्तर: कंटाळा येणारच हो, १४ वर्षं काही कमी नाहीत. पण अनडिटेक्टेबल म्हणजे व्हायरस गेला असं नाही, टेस्टमध्ये सापडत नाही इतका कमी झाला, बाकी काही पेशींमध्ये तो दडून बसलेलाच असतो. त्यात इन्फेक्शनच्या सुरुवातीलाच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी (इम्युन सिस्टीमच्या, एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या) भराभर मरतात, ते अस्तर नंतर औषधानेही पूर्ण भरून येत नाही, मग आतड्यातल्या बॅक्टेरियांचे बारीक अंश रक्तात झिरपत राहतात आणि इम्युन सिस्टीम कायम अर्धवट जागी, जरा खुट्ट झालं की दचकणाऱ्या माणसासारखी. तुम्हाला काही जाणवत नाही, पण रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. तुमच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टमध्ये हे दिसतच नाही!

म्हणूनच रिप्रीव्ह नावाची मोठी ट्रायल झाली, रिझल्ट २०२३ मध्ये आले. ४० ते ७५ वयाचे ७,७६९ जण, सगळे एचआयव्हीचं औषध घेणारे आणि हार्टचा धोका कमी ते मध्यम, म्हणजे साधारण तुमच्यासारखेच. निम्म्यांना रोज पिटाव्हास्टॅटिन, निम्म्यांना नुसती दिसायला तशी गोळी. स्टॅटिनवाल्यांमध्ये हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे ३५ टक्क्यांनी कमी. आकडा मोठा वाटतो, पण खरा हिशोब असा की वर्षाला हजारात साधारण ७ जणांना त्रास व्हायचा तो ५ वर आला. डायबेटिस आणि स्नायूदुखी मात्र थोडी वाढली, तेव्हा शुगर बघत राहा. माझं मत विचाराल तर घ्या.

आणि कंटाळून एचआयव्हीचीच गोळी मधेमधे थांबवायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. २००६ च्या स्मार्ट ट्रायलमध्ये रक्तातल्या सीडी४ पेशींचा आकडा चांगला दिसला की औषध थांबवणाऱ्या गटात मृत्यू वाढले, हार्ट, किडनी, लिव्हरचे आजारही वाढले.

एक राहिलंच, स्टॅटिन कुठलंही चालत नाही. तुमच्या औषधात रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट असेल तर सिम्व्हास्टॅटिन अजिबात नको, स्नायूंना मोठी इजा होऊ शकते. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.