अडकित्ता बोलता करायचाय

प्रश्न : आजीचा पितळी अडकित्ता माझ्याकडे आहे. फोटो आणि आवाज जोडून त्याची तीन मिनिटांची गोष्ट करायची आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, वाई

उत्तर : सुपारीपासून! अख्खी सुपारी आणा आणि कातरा. पंखा बंद, मोबाइल एअरप्लेन मोडवर, वीतभर अंतरावर. आधी अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता टिपा. जोडकामात सांधे झाकायला तीच लागते. आईच्या शिलाई मशीनची गोष्ट करताना मी हे विसरलो, तर प्रत्येक जोडावर खटका! (मध्येच कुकरची शिट्टीही आली. ती मात्र मुद्दाम ठेवली.)

मावशीला ‘आजीबद्दल सांग’ म्हणू नका. अडकित्ता हातात द्या आणि गप्प बसा. हात चालू झाला की तोंडही चालू होतं. जात्यावरच्या ओव्या आठवा. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी त्या लाखाच्या वर गोळा केल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव आणि फोटोही सापडतात. ते एकदा ऐकाच.

फोटो चार-पाच पुरे. झिजलेली मूठ हवीच. आणि मागे बासरी नको, हात जोडतो!