युक्रेन युद्धात तोफा असूनही गोळे का कमी पडतात?

भाऊ, तोफ एकदा मिळाली की वर्षानुवर्षे चालते, गोळा एकदाच उडतो. १५५ मिमी व्यासाचा एक गोळा साधारण ४५ किलोचा, म्हणजे जवळपास सिमेंटच्या गोणीएवढा. त्यात पोलादी कवच, आत स्फोटक, टोकाला फ्यूज (स्फोट घडवणारी कळ) आणि मागे ढकलणारी दारू वेगळी. यातलं एक अडलं तरी सगळं अडतं. युरोपियन युनियनने मार्च २०२३ मध्ये वर्षभरात १० लाख गोळे द्यायचं ठरवलं, मुदतीत निम्मेच जमले.

आपल्या खान्देशातल्या माणसाला पटकन कळेल अशी गोष्ट सांगतो. जिनिंगमध्ये रुई काढल्यावर सरकीला जी बारीक लव चिकटून राहते, तिला लिंटर म्हणतात. त्यापासून नायट्रोसेल्युलोज बनतं आणि तीच तोफेची दारू! युरोप हा लिंटर मोठ्या प्रमाणात चीनकडून घेतो, तिथेच गाडी अडते. शिवाय सतत माऱ्याने तोफांच्या नळ्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात.

आपण कारगिलमध्ये १९९९ साली सुमारे अडीच लाख गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. म्हणून वरणगावच्या काडतुसांच्या आणि भुसावळच्या आयुध निर्माणीत शांततेच्या काळातही कुशल हात टिकवणं मला फार मोलाचं वाटतं. असा कारागीर एका वर्षात तयार होत नाही.