वाचकांचे प्रश्न : तुर्की फौजेचा हंडा, गाडे आणि सक्तीची चाकरी

प्रश्न : जानिसारींच्या पलटणीच्या मुख्याला 'शोरबावाला' म्हणत असं वाचलं. ही थट्टा की खरंच? (सातारा)

उत्तर : खरंच. जानिसारी म्हणजे तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांचं पगारी पायदळ; 'येनी चेरी' म्हणजे नवी फौज, त्यावरून हे नाव. पलटणीला 'ओर्ता' म्हणत आणि तिच्या नायकाला 'चोर्बाजी', म्हणजे शोरबा वाढणारा. (आपल्या तोपची, खजानचीमधला 'ची' हाच तुर्की प्रत्यय.) त्याच्या हाताखालचा 'आश्चीबाशी', म्हणजे मुख्य आचारी, हा खरोखरीचा अंमलदार असे. शिपायांच्या उंच टोपीवर पुढच्या बाजूला चमचा खोवण्याची जागा होती.

हे सगळं सुलतानाच्या मिठाला जागणं होतं. प्रत्येक ओर्ताचा तांब्याचा मोठा हंडा, 'कझान', मोहिमेवर बरोबर जाई. लढाईत निशाण गमावण्यापेक्षा हंडा गमावणं लाजिरवाणं समजत. पगार तीन महिन्यांनी मिळे आणि त्या दिवशी राजवाड्याच्या दुसऱ्या चौकात शोरबा-भात वाढत. शिपाई त्यावर तुटून पडले की दरबार निर्धास्त. हात लावला नाही, तर वजिराच्या पोटात गोळा! हंडा उपडा केला म्हणजे बंड पुकारलं.

बिघाड झाला तो पगारपत्रकात. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे शिपाई आठ-दहा हजारांच्या घरात होते. आधी ख्रिस्ती घरांतली मुलं उचलून आणत ('देवशिर्मे'), एकुलत्या एकाला सहसा सूट असे. पुढे शिपायांची स्वतःची मुलं आणि बाजारातले दुकानदार भरती होऊ लागले. पगाराची चिठ्ठी विकत घेता येऊ लागली, त्यामुळे हजेरीपटावर फौज फुगली आणि रणांगणावर रोडावली. नवी कवायती फौज उभारणाऱ्या सुलतान तिसऱ्या सेलीमला त्यांनी १८०७ मध्ये गादीवरून खेचलं. पुढचा सुलतान दुसरा महमूद त्यातून शिकला. त्याने आधी तोफखाना आणि उलेमा, म्हणजे धर्मपंडित, आपल्या बाजूला वळवले, मगच नव्या कवायतीचा हुकूम काढला. जून १८२६ मध्ये हंडे उपडे झाले, तेव्हा १५ तारखेला त्याने इस्तंबूलमधल्या त्यांच्या बराकींवर तोफा डागल्या. तुर्की इतिहासात या घटनेचं नाव 'शुभ घटना' असं आहे; नाव कोणी ठेवलं असेल ते सांगायला नको.

प्रश्न : पानिपतच्या पहिल्या लढाईत बाबराने गाड्या साखळदंडांनी बांधल्या होत्या ना? ही युक्ती तुर्कांची का? (नागपूर)

उत्तर : युक्ती उस्मानी तुर्कांची, पण साखळदंड नव्हते. बाबराच्या आठवणींत कच्च्या चामड्याचे दोर आहेत आणि हे 'रूमी रीतीने' केलं असं तो स्पष्ट लिहितो. रूम म्हणजे उस्मानी मुलूख. तिथल्या फौजेने १५१४ मध्ये चाल्दिरानला इराणच्या शाह इस्माईलविरुद्ध असेच गाडे जोडून मागे तोफा-बंदुका लावल्या होत्या.

मांडणी अशी : सुमारे ७०० गाडे, दर दोन गाड्यांमध्ये पाच-सहा आडोसे, त्यांच्या मागे तोड्याच्या बंदुकांचे शिपाई. अशी बंदूक भरायला वेळ लागतो. तेवढ्यात घोडा अंगावर येतो, म्हणून आडोसा. उजवीकडे पानिपत गावची घरं, डावीकडे खंदक आणि तोडलेल्या फांद्यांचं कुंपण. बाणाच्या टप्प्याइतक्या अंतरावर फटी ठेवल्या होत्या, त्यांतून शे-दीडशे स्वार एकदम बाहेर पडू शकत. फटी नसतील तर ही भिंत आतल्यांनाच कोंडते.

या रीतीचं दुखणं एकच : गाड्यांची भिंत चालून जात नाही, शत्रूनेच यावं लागतं. बाबर आठवडाभर ताटकळला, तीर मारणाऱ्या टोळ्या आणि रात्रीचा छापा घालून त्याने इब्राहिम लोदीला डिवचलं. २१ एप्रिल १५२६ रोजी लोदीची फौज वेगात आली, अरुंद तोंडाशी थबकली आणि मागचे पुढच्यांवर चढले. बाजूंनी फिरून आलेल्या मोगल स्वारांनी त्यांना पाठीमागूनही घेरलं.

प्रश्न : विजापूरची 'मुलूखमैदान' तोफ तुर्काने ओतली का? (सोलापूर)

उत्तर : ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, निजामशाहीसाठी. ओतणाऱ्याच्या नावात 'रूमी' आहे, म्हणजे तो उस्मानी मुलखातला. वजन सुमारे ५५ टन, लांबी मात्र जेमतेम १४ फूट.

प्रश्न : माझ्या पणजोबांच्या पलटणीबद्दल घरी 'कूतचा वेढा' एवढंच बोललं जाई. तिथे मराठे कसे? (रत्नागिरी)

उत्तर : कूत हे इराकमधलं गाव. पहिल्या महायुद्धात इंग्रजांची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. तिच्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. बगदादच्या वाटेवर टेसिफॉनला अडून ती मागे फिरली आणि टायग्रिसच्या वळणातल्या कूत अल-अमारात शिरली. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला.

तुर्कांनी गाव घेण्याचा हट्ट लवकरच सोडला. सोडवायला येणारी इंग्रजी फौज नदी आणि दलदल यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून येणार हे उघड होतं, म्हणून तिथेच एकामागे एक खंदक खोदून ते बसले. आत धान्य संपत आलं. घोड्याचं मांस खायला अनेक भारतीय शिपायांनी बराच काळ नकार दिला. विमानांतून पोती टाकून पाहिली, ती पुरली नाहीत. शेवटी सुमारे १३,००० जण शरण आले. कैद्यांना चालवत उत्तरेला नेलं, अनेक भारतीयांना रास अल-ऐनजवळ रेल्वेच्या कामाला जुंपलं. जिंकणाऱ्या हलील पाशाने पुढे 'कूत' हेच आडनाव घेतलं.

पणजोबांचा पलटण क्रमांक शोधा. या पलटणींचे क्रमांक १९२२ मध्ये बदलले, त्यामुळे जुना क्रमांक हाताशी असेल तरच नोंद लागते.

प्रश्न : तुर्कस्तानात आजही सक्तीची लष्करी सेवा आहे का? (ठाणे)

उत्तर : पुरुषांना आहे. २०१९ च्या कायद्याने साध्या शिपायाची मुदत १२ महिन्यांवरून ६ महिन्यांवर आली. ठरलेली रक्कम भरली तर महिन्याभराच्या शिक्षणावर सुटका होते. याला 'बेदेल्ली' म्हणतात. तरी गावोगावी पोराला ढोल-सनईने, हातावर मेंदी लावून निरोप देतात आणि नोकरी देताना मालक 'सेवा झाली का?' विचारतोच. बेदेल्लीची रक्कम सरकारी पगाराशी बांधलेली आहे. त्यामुळे ती दर जानेवारी आणि जुलैला बदलते.