दोन रेझिस्टरांत अडकलेली मुलगी

प्रश्न : आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. मुलगी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाडीच्या एलईडी हेडलाइटच्या ड्रायव्हरवर, म्हणजे एलईडींना करंट पुरवणाऱ्या सर्किटवर, तिचा प्रोजेक्ट आहे. व्होल्टेज वाढलं की सर्किट बंद व्हावं, एवढ्यासाठी दोन महिने ती दोन रेझिस्टरच बदलतेय. तिला निर्णयच घेता येत नाही. सॉफ्टवेअरचा क्लास लावू का?

उत्तर : नमस्कार. क्लासची फी तूर्त भरू नका.

तिच्या वहीचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. दहा एलईडींची माळ, साधारण ३० व्होल्टची. व्होल्टेज ३८ ला गेलं की सर्किट बंद करायचं. माळेतला एक सांधा सुटला तरी बॅटरीचं व्होल्टेज चढवून देणारा तिचा बूस्ट ड्रायव्हर करंट ढकलतच राहतो. अर्धा अँपिअर करंट आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, या तिच्याच आकड्यांनी व्होल्टेज मिलिसेकंदाला ५० ने चढतं. म्हणजे ३८ ओलांडल्यावर ५० व्होल्टपर्यंतच चालणारा तो कपॅसिटर वाचवायला पाव मिलिसेकंदही हातात नाही. स्विचिंगच्या खरखरीने सर्किट उगाच बंद पडू नये म्हणून ती खरखर गाळणारा फिल्टर हवा, आणि त्याने होणारा उशीरही एवढ्याच वेळात बसवायचा!

आता ते रेझिस्टर. ते दोघे व्होल्टेजचा ठरावीक हिस्सा सर्किटला दाखवतात, त्यावरूनच ३८ झाले हे कळतं. दोन्ही मिळून १२ किलोओहमचे घेतले आणि ड्रायव्हर थेट बॅटरीवर असला, तर उभ्या गाडीतही एक मिलिअँपिअर गळत राहतो. मेगाओहमचे घेतले तर गळती नगण्य होते. पण पावसाळ्यात हेडलाइटच्या काचेला आतून बाष्प धरतं ना, तीच ओल बोर्डावर बसते. तिथून एक मायक्रोअँपिअर जरी निसटला, तरी ३८ चा आकडा व्होल्टभर सरकतो. इथे घोळणं साहजिक आहे. मीही घोळलो असतो.

तिची चूक वेगळीच आहे. गाडी किती दिवस उभी राहणार, किती करंट गळलेला चालेल, हे तिने वहीत कुठेच लिहिलेलं नाही. ते आधी ठरवलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

नोकरीचं म्हणाल तर पीथमपूरची औद्योगिक वसाहत जवळ आहे, गाड्यांची चाचणी करणारं नॅट्रॅक्सही तिथेच. पण तिकडे भर उत्पादनावर आणि चाचणीवर. डिझाइनसाठी पुणे-बंगळूरची तयारी ठेवा. पहिला पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकेल, त्यावर घरात वाद घालू नका.

आज जेवताना तिला एवढंच विचारा, माळ तोडल्यावर सर्किट किती वेळात बंद झालं? ऑसिलोस्कोपवर मोजलेला आकडा तिने सांगितला, तर क्लासचा विषय काढूच नका. ‘मोजलं नाही’ म्हणाली, तर उद्या लॅबला लवकर पाठवा.